चौथं भोक

"बसेल गो बाय, बसेल!"

हे म्हणताना काकांचा अंगठा बोर्डावर दाबलेला असायचा आणि बोर्ड डब्यात अजिबात बसलेला नसायचा. एक कोपरा वर, एक खाली, मधेच कुठेतरी वायर चिमटलेली. काका त्या कोपऱ्याकडे बघायचेच नाहीत, माझ्याकडे बघून हसायचे. त्या हसण्यावर मी जितकी चिडले तितकी माझ्या नवऱ्यावरही कधी चिडले नसेन.

असं एखादं माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असणारच. हाताला कला, बोलायला गोड, मदतीला पुढे, आणि एकच गोष्ट अशी की कितीही घसा फोडा, त्याच्या डोक्यात शिरत नाही. आमच्या काकांच्या डोक्यात भोकं शिरत नव्हती.

म्हसळ्यात माझं लहानसं वर्कशॉप आहे. श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्यांना पंप लागतो आणि आमच्याकडची वीज तिच्या मर्जीने येते-जाते. वीज आली की आपोआप पंप सुरू करणारा आणि विहिरीचं पाणी संपलं की बंद करणारा डबा आम्ही बनवतो. डब्याच्या आत असतो बोर्ड, म्हणजे ती हिरवी पातळ पट्टी, जिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात आणि सुटे भाग सोल्डर केलेले असतात. हा बोर्ड डब्यात घट्ट राहायला हवा, म्हणून त्याला चार कोपऱ्यांत चार भोकं, चार भोकांत चार स्क्रू. एवढंच. पण ही भोकं आधी ठरवावी लागतात. कॉम्प्युटरवर बोर्डाचं चित्र काढतानाच त्यांची जागा सोडावी लागते. सगळ्या रेघा काढून झाल्यावर भोक द्यायला गेलात तर तिथून कुठलीतरी रेघ गेलेली असते आणि मग बसा बोंबलत.

काका सरकारी आयटीआयमधून निदेशक म्हणून निवृत्त झालेले. एकदा घरच्या रेडिओसाठी सोल्डरची तार मागायला आले, माझ्या टेबलावरचं चित्र बघितलं आणि म्हणाले, "हे कोणी काढलं? डोळे मिटून काढलं काय?" ते मीच काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, खुर्ची ओढून बसले, आणि पुढची कित्येक वर्षं त्या खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांना कोणी कामावर ठेवलं नव्हतं, ते राहिले.

आवाज असा की विचारू नका. जन्मभर मशीनच्या खडखडाटात पोरांना शिकवलेलं, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता. फोनवर घरी बोलले की समोरच्या मेडिकलवाल्याला कळायचं आज कोणती आमटी आहे. सोल्डरिंगला बसणाऱ्या माझ्याकडच्या दोघी बायका कानात कापूस घालून बसायच्या, आणि काका त्यांना विचारायचे, "कान दुखतोय काय गो?"

आणि काम? काम बघत राहावं असं. त्यांच्या रेघा कधी एकमेकींच्या अंगावर जायच्या नाहीत. वळणं गोल, अंतर सारखं, कुठे गर्दी नाही. मी ज्या बोर्डावर आठवडा घालवायचे तो ते दोन दुपारींत उरकायचे. कौतुकाने बघायला जावं, तर कोपरे गच्च भरलेले.

"काका, भोकं?"

"देतो की गो. आधी सर्किट तर होऊ दे."

"सर्किट झालंय."

"मग आता कुठं देऊ? जागा हाय काय?"

मी कपाळावर हात मारायचे. ते पुन्हा हसायचे आणि म्हणायचे, "भोकांचं मागाहून बघू."

त्यांचं मागाहून म्हणजे काय ते सांगते. गोंदाच्या बंदुकीने बोर्ड डब्याला चिकटवायचा. श्रीवर्धनच्या एका वाडीवाल्याकडे असा चिकटवलेला डबा गेला. मे महिन्यात पत्र्याच्या पंपघरात गोंद पातळ झाला, बोर्ड घसरला आणि वायरींना लोंबकळत राहिला. पंप मधेच चालू, मधेच बंद. वाडीवाल्याचा फोन आला, "ताई, तुमच्या मशीनला उचक्या लागल्यात." मी गाडी काढली, तिथवर गेले, डबा उघडून बघितला. परत येऊन काकांना सांगितलं. त्यांना काय वाटावं? अभिमान! "बघ, वायरींनी धरून ठेवला ना? वायर मी पक्की लावलेली!"

मग मी दम दिला की भोकं नसतील तर बोर्ड छपाईला जाणार नाही. पुढच्या बोर्डाला चार भोकं आली. मी खूश. स्क्रू घालायला गेले तर स्क्रूच्या डोक्याखाली तांब्याची रेघ.

"काका, स्क्रूचं डोकं रेघेला लागतंय. डब्यात करंट उतरेल. माणूस मरेल कोणीतरी."

"भोक मागितलंस, भोक दिलं. डोक्याचं कुठं बोललीस?"

आता अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कॉम्प्युटरवरच्या मापांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बोर्डाचं चित्र खऱ्या मापात कागदावर छापायचे, तो कागद जुन्या लग्नपत्रिकेवर चिकटवायचे, कडेने कापायचे आणि तो पुठ्ठा डब्यात ठेवून बघायचे. डब्याच्या तळाला स्क्रूसाठी चार खुंट्या असतात. पुठ्ठा वर ठेवून अंगठ्याने दाबला की खुंटीचा वळ उमटतो, तिथे सुईने टोचायचं, कडेपासून अंतर मोजायचं आणि ते माप कॉम्प्युटरमध्ये घालायचं. म्हसळ्यातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका आमच्याकडे गठ्ठ्याने असायच्या. काका जिथे जेवायला जातील तिथून उरलेल्या मागून आणायचे. जाड असतात, ताठ असतात, वाकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. फक्त एक नियम होता. पत्रिकेवरच्या देवाला टोचायचं नाही. गणपती आला की पत्रिका फिरवायची, नाहीतर दुसरी घ्यायची. मला हसू यायचं, पण त्यात माझं काही बिघडत नव्हतं. तोवर.

काकांचं गाव खाडीकाठी. तिथली शेती खारीची, म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून आत भात लावायचा. बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला पावसाचं गोडं पाणी त्या दाराने बाहेर जातं, भरतीला खाडीच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी बाहेरच राहतं. पण झडपेत एखादा ओंडका अडकला, वाहून आलेली जाळी गुंतली, तर ती मिटत नाही. मग अवस-पुनवेच्या उधाणाला खाडी सरळ शेतात शिरते. तेवढं एक पीक जातं असंही नाही. मीठ जमिनीत मुरतं, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे नीट भात येत नाही.

पूर्वी उधाणाच्या दिवसांत उघाडीवर राखण असायची, घरटी पाळी. आता निम्म्या घरांना कुलपं. कोणी मुंबईला, कोणी पनवेलला, कोणी उरणला कंटेनरवर. पाळी येते ती म्हाताऱ्यांवर, आणि म्हातारे तिथे बसल्या बसल्या डुलक्या काढतात. एका पावसाळ्यात असंच खारं पाणी शिरलं. काकांचा धाकटा भाऊ गावी शेती करतो, त्याची सगळी खाचरं पिवळी पडली. त्या वर्षी काकू दुकानातला तांदूळ निवडताना रोज रडायची, हे काकांनीच मला सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"उघाडीवर भोंगा लावायचा गो बाय. आतलं पाणी चढलं की तरंगता गोळा वर येईल, भोंगा वाजेल. गावात कोण जागं नसलं तरी चालेल. औंदाच्या भाताच्या आवणीआधी लागला पाहिजे."

गावाची सगळी भातशेती त्या एका झडपेवर होती. मी लगेच हो म्हटलं. पण अट घातली, "या वेळी आधी भोकं. मग रेघा."

"व्हय."

"शपथ?"

"अगो व्हय म्हटलं ना!"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर रिकाम्या चौकोनात चार गोल काढलेले. आसपास स्क्रूच्या डोक्यांना जागासुद्धा. एकही रेघ नाही. मी त्या दिवशी सगळ्यांना भजी खाऊ घातली. वेडीच मी.

बोर्ड छापून यायला वेळ लागतो. आला तेव्हा पाऊस तोंडावर होता. सुटे भाग सोल्डर केले, चाचणी घेतली, भोंगा असा वाजला की समोरचा मेडिकलवाला बाहेर आला. मग डबा घेतला. खाऱ्या वाऱ्यात टिकणारा, रबराची कड असलेला, पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा. बोर्ड ठेवला. पहिला स्क्रू बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा बसेना. वाकून बघते तर भोकातून खुंटी अर्धीच दिसतेय. बाकीची अर्धी बोर्डाखाली.

"काका!"

"बसेल गो..."

"बसणार नाही! भोक सरकलंय!"

"तीन स्क्रू हायत ना? तीन पायांचं स्टूल उभं राहतं की."

"त्याच कोपऱ्यात वायरी येतात. डबा लागेल त्याच खांबावर भोंगा थरथरणार. कोपरा मोकळा राहिला तर महिन्याभरात सोल्डर तडकेल, आणि पाणी शेतात शिरेल तेव्हा तुमचा भोंगा मुकाट बसेल. चालेल?"

काकांनी उठून कपाटातून पुठ्ठा काढून आणला. मी तो हातात घेतला, सुईची टोचणी बघितली. तीन वळांच्या बरोबर मधोमध. चौथी वळाच्या बाजूला. मी पुठ्ठा उलटा केला.

ती माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका होती. आम्ही बौद्ध. पत्रिकेच्या कोपऱ्यात सोनेरी रंगात बुद्धाचा चेहरा होता, डोळे मिटलेला. खुंटीचा वळ नेमका त्याच्या कपाळावर आला होता, आणि काकांनी सुई कानाच्या पलीकडे टोचली होती.

"तुझ्या घरची पत्रिका ती," काका म्हणाले. "बुद्धाच्या कपाळात सुई खुपसू?"

"मग दुसरी पत्रिका घ्यायची!"

"चिकटवून झाल्यावर ध्यानात आलं."

"मग कॉम्प्युटरवर तरी भोक जागेवर सरकवायचं!"

"सरकवणार होतो. मागाहून."

आता मी कोणावर ओरडणार? माझी आई तिथे असती तर तिने काकांचीच बाजू घेतली असती. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "माणूस भला आहे." भला आहे हो, पण स्क्रूचं काय?

नवा बोर्ड मागवायला वेळ नव्हता. डब्याला भोक पाडावं तर पाणी आत जाणार. शेवटी मी गोल कानस घेतली आणि बोर्डाचं भोक खुंटीच्या दिशेने घासून लांबवलं. त्यात काकांची एक रेघ कापली गेली. तिच्या जागी मी वरून वायरचा तुकडा जोडला, स्क्रूखाली प्लॅस्टिकचा वायसर घातला आणि चौथा स्क्रू आवळला. काका शेजारी उभे राहून बघत होते, मी त्यांच्या म्हशीचं शिंग कापतेय असा चेहरा करून. त्या रेघेसाठी ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. म्हणजे एरवीच्या मानाने नाही. मेडिकलवाला विचारायला आला, "काका गावाला गेलेत का?"

भोंगा उघाडीवरच्या खांबाला लागला. वर सोलरची पाटी, खाली बॅटरी, मधे आमचा डबा, आणि आतल्या पाण्यात एका पाइपमध्ये तरंगता गोळा. काकांनी नारळ फोडला. गावातली झाडून सगळी माणसं आली होती. काका मुंडावळ्या बांधल्यासारखे मिरवत होते.

चारच दिवसांत भोंगा वाजला. माणसं चिखल तुडवत, फावडी घेऊन बांधावर धावली. झडप नीट मिटलेली, पाणी जागच्या जागी. पाइपात एक भलीमोठी चिंबोरी शिरली होती आणि गोळ्याला नांग्यांनी वर ढकलत होती. काका म्हणाले, "ट्रायल घेतली!" कोणी हसलं नाही. पेरणीचे दिवस होते, लोक हातातली कामं टाकून आले होते. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाइपाला तारेची बारीक जाळी लावली, स्वतःच्या हाताने. पण गावाचं मन उतरलं ते उतरलंच. देवळात बैठक झाली आणि ठरलं, पुन्हा उगाच वाजला तर काढून टाकायचा. काकांनी एवढंच मागून घेतलं, "आषाढातल्या अवसेचं उधाण जाऊ द्या. त्यात कामाला नाय आला तर मी माझ्या हाताने उतरवतो."

ती अवस त्यांनी बघितली नाही. आषाढात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा मला आधी रागच आला. खरंच सांगते, रागच. अर्धा बोर्ड टेबलावर टाकून कोणी जातं का?

दहावा नेमका अवसेला आला. मी गेले. खाडीच्या काठी, गावाच्या वरच्या अंगाला दगडी धक्का आहे, तिथे विधी होता. उघाडी दुसऱ्या टोकाला, बांध संपतो तिथे. आवणी नुकतीच उरकलेली, सगळीकडे कोवळा भात. आणि गावातलं प्रत्येक माणूस धक्क्यावर. काकांनी गावातल्या घराघरातले मिक्सर, पंखे, टीव्ही दुरुस्त केलेले, त्यामुळे कोणी घरी थांबलं नव्हतं. धाकट्या भावाने डोकं भादरलेलं, बोटात दर्भाची अंगठी. पान मांडलं, पिंड ठेवले, सगळे मागे सरले. कावळे समोरच्या वडावर बसले होते. एकही खाली येईना.

भाऊ हात जोडून म्हणाला, "वहिनीला अंतर देणार न्हाय." कावळा हलला नाही. "तुझी हत्यारं कोणाला देणार न्हाय." नाही. "दारातला आंबा तोडणार न्हाय." छे! भटजी घड्याळ बघायला लागले. एक म्हातारा माझ्याकडे वळला, "ताई, तुमच्याकडं त्याचा जीव होता. तुम्ही बोला कायतरी."

"आमच्यात हे कावळ्याचं नसतं," मी म्हटलं.

"त्याच्यात होतं ना?"

मी उठले. वैतागच आला होता, जिवंतपणी छळलं ते छळलं, आता पण. मोठ्याने म्हटलं, "काका, भोंगा कोणी काढणार नाही. मी बघते." माणसांनी एकमेकांकडे बघितलं, कारण काढायचा विचार त्यांच्या मनात होताच. कावळ्यांनी पंखसुद्धा झाडले नाहीत.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

कावळे सगळे एकदम उडाले. माणसं मात्र जागची हलली नाहीत. "चिंबोरी असंल," कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "आजच्या दिवशी तरी गप ऱ्हायचं!" मी ओरडले, "चिंबोरी नाही! जाळी लावलीय मी! पाणी चढलंय, उठा!" कोणी ऐकेना. विधी अर्धा टाकून उठायचं कसं, हा सगळ्यांना प्रश्न. दुपारचं उधाण, खाडी धक्क्याच्या खालच्या पायरीला लागलेली, आणि हे दगडासारखे बसलेले.

काकू उठली. डोक्यावरचा पदर तिने कमरेला खोचला. "चिंबोरी असो न्हायतर कोण असो," ती म्हणाली, "मी चालले." आणि ती बांधाकडे धावत सुटली. पासष्टी उलटलेली बाई. तिच्यामागे धाकटा भाऊ, त्याच्यामागे सगळं गाव. भटजीही सोवळं वर धरून धावले.

झडपेत माडाचा ओंडका अडकला होता. फटीतून खाडी धो धो आत येत होती आणि खालची दोन खाचरं बुडाली होती. भावाने उडी मारली. भादरलेलं डोकं, बोटात दर्भ, कमरेएवढ्या पाण्यात. चार-पाच जण मागोमाग. ओंडका हलेना. पहारी आल्या, दोर आला, बायकांनी दोर धरला, मीही धरला. एकदाचा तो सुटला आणि झडप अशी धाडकन मिटली की बांध हादरला. खाडी बाहेर राहिली. दोन खाचरं सोडली तर सगळा भात तसाच हिरवा उभा होता. भाऊ झडपेला टेकून, तोंडावरचा चिखलही न पुसता रडायला लागला.

भोंगा चालूच होता. आत शिरलेलं पाणी ओहोटी लागल्याशिवाय बाहेर जाणार नव्हतं आणि तोवर गोळा खाली येणार नव्हता. त्याच आवाजात आम्ही सगळे चिखलाने माखून धक्क्यावर परत आलो. आणि बघतो तर पान नाही, पिंड नाही. जिथे पान मांडलं होतं ती पायरी पाण्याखाली.

"कावळा शिवला, का कुत्र्याने नेलं, का पाण्यानं? काय धरायचं?" भटजींनी विचारलं.

कोणाला ठाऊक? बघायला कोणी नव्हतंच. भाऊ म्हणाला, पुन्हा मांडू. काकू म्हणाली, "नको. गेले ते. सुटले." मग भटजींनी उरलेले मंत्र म्हणायला घेतले, पण भोंग्यापुढे त्यांना स्वतःचंच ऐकू येईना. ते माझ्याकडे वळून ओरडले, "ताई, ते तेवढं बंद करता काय?"

डब्याचं बटण मलाच ठाऊक होतं. मी निघाले. काकूने माझा हात धरला. तिचा हात चिखलाने थंडगार पडला होता.

"वाजू दे गो बाय," ती म्हणाली. "दहा दिस घरात आवाज न्हाय."

मी तिच्याजवळ बसले. ओहोटी लागेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.